आधी कुलूप, मग बॉनेट

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय असं सांगत कुणी आलं, की सोपानतात्या गाडीकडे बघायचेच नाहीत. ते माणसाकडे बघायचे. त्यांच्या अंगणात तेलाचा एक रिकामा चौकोनी डबा कायम पालथा घातलेला असायचा. त्यावर माणसाला बसवायचे, स्वतः उंबऱ्यावर बसायचे आणि विचारायचे, "घरात नवं काय झालं?"

माणूस गोंधळायचा. "घरात? घरात काय न्हाय तात्या. गाडी पेट्रोल खातीय."

"ते कळलं. घरात नवं काय झालं ते सांग."

मी सणसरहून बारामतीला कॉलेजला जाते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातलं माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहायचं म्हटलं की माझा हात प्रयोगवहीच्या पुढे जात नाही. पण तात्या या एप्रिलात गाव सोडून गेले, आणि त्यांच्यावर काहीतरी लिहावं हे तेव्हापासून मनात आहे. जमेल तसं लिहिते.

तात्यांचं घर आमच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता. तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत ते पुण्यात मोठ्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये होते. गावात परत आले तेव्हा सोबत एक ट्रंक, एक सायकल आणि पान्यांची एक पिशवी होती, असं आई सांगते. त्यांनी गॅरेज काढलं नाही. "तीस वर्सं दुसऱ्याच्या घंटीवर उठलो, आता घंटी नको," म्हणायचे. पण गावात ज्याची गाडी कुठल्याच मिस्त्रीला कळत नाही, तो शेवटी त्या डब्यावर येऊन बसायचा. तात्या पैसे घेत नसत. चहा घेत, तोही साखरेचा नाही. गुळाचा खडा तोंडात धरायचा आणि वरून कोरा चहा प्यायचा.

त्यांची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. त्यांच्या दारासमोर कुठलीही गाडी येऊन थांबली की ते उठायचे आणि एकेका चाकाला उलटा हात लावायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते तसा. मग ती पाहुण्यांची जीप असो, दुधाचा टेम्पो असो, नाहीतर आमदारांची गाडी असो. एकदा खरोखरच एका पुढाऱ्याची गाडी रस्ता चुकून आमच्या आळीत थांबली. आतली माणसं हार घालायला कुणी येतंय का बघत होती, आणि तात्या खाली वाकून चाकं तपासत होते.

"उलटाच हात का, तात्या?" मी लहानपणी विचारलं होतं.

"सुलट्या हाताला कातडं जाड आसतं. काम करणाऱ्याचा तळवा खोटं बोलतो, कालेज."

मी तेव्हा पाचवीत होते. तरी ते मला तेव्हापासून 'कालेज' म्हणत. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायचे म्हणून असेल. बारावी पास होऊन खरोखर कॉलेजात गेले, तेव्हा मी विचारलं, आता काय म्हणणार? ते म्हणाले, "आता तू मागनं येऊन नावाला गाठलंस."

'घरात नवं काय झालं' या प्रश्नाला लोक हसत, पण तात्या तो गंभीरपणेच विचारत. आमच्या वरच्या आळीच्या सुरेशची स्कूटर एकाएकी निम्मं अ‍ॅव्हरेज द्यायला लागली. बारामतीत दोन ठिकाणी कार्बोरेटर खोलून झाला, प्लग बदलून झाला. शेवटी तो डब्यावर येऊन बसला.

"घरात नवं काय झालं?"

"काय न्हाय."

"लगीन झालं न्हवं तुजं, माघात?"

"ते झालं. पण त्याचा अन् गाडीचा काय संबंध?"

"बायकूला घिऊन कुठं जातोस?"

"माळावरच्या देवीला. कधी बारामतीला. न्हायतर आसंच, कालव्याकडनं."

"कुठल्या गिअरात?"

सुरेशचे कान लाल झाले. मी ओसरीवर निवडणं घेऊन बसले होते, मी मान खाली घातली.

"दुसऱ्या गिअरात मुंगीवानी चालीवलीस तर पेट्रोल खानारच ती," तात्या म्हणाले. "पन गाडीला काय झाल्यालं न्हाय. सा म्हैन्यांत आपोआप टाप गिअर पडंल. जा घरी."

सहा महिन्यांनी मी सुरेशला विचारायचं धाडस केलं नाही. पण स्कूटर जोरात जाताना दिसायला लागली होती.

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींच्या मोपेडचंही असंच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ते गुरुजी मापाच्या दुप्पट घालत. तात्यांनी प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यावर कोळशाची साय धरली होती. "गुर्जी, म्हशीला पेंड जास्त घातली की दूध वाढतं. हिला न्हाय वाढत. हिला ढेकर येतात." गुरुजींनी मुलांना इतकी वर्षं अपूर्णांक शिकवले होते. ते पुष्कळ वेळ तळहाताकडे बघत राहिले.

एकदा मात्र तात्या हसत नव्हते. वर्कशॉपमधली एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. ते तिथे नवीन होते तेव्हा एका ड्रायव्हरच्या गाडीला डिझेल फार लागायला लागलं. हाच काढून विकतो, असं सगळ्यांनी धरलं. तात्यांनाही तसंच वाटलं आणि ते गप्प राहिले. चौकशी लागायच्या आधीच तो माणूस काम सोडून गावाला निघून गेला. पुढे दोन महिन्यांनी गाडी दुरुस्तीला आत आली, तेव्हा कळलं की मागच्या एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. गाडी ब्रेक धरूनच पळत होती, आणि ते चाक तापत होतं.

"चाक रोज माझ्यासमोरनं जात हुतं," तात्या म्हणाले. "हात लावायला काय झालं हुतं मला?" एवढं बोलून ते कोंबड्यांना दाणे टाकायला उठले.

हे मला नीट कळलं ते आमच्यावर वेळ आली तेव्हा.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गावाबाहेरच्या रोपवाटिकेची जीप चालवतात. डाळिंबाची, पेरूची रोपं इंदापूर, लोणी देवकर, पार लोणी भापकरपर्यंत पोचवायची. रोपवाटिका बापूसाहेबांची. बापूसाहेब वाईट माणूस नाहीत. पण डिझेलचं पान ते स्वतः लिहितात आणि रोज वाचतात. जीप तेराचं अ‍ॅव्हरेज द्यायची. मी पहिल्या वर्षाला होते त्या दसऱ्यानंतर ती एकदम नऊवर आली.

बापूसाहेब तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी डिझेलच्या टाकीला कुलूप लावलं. पितळेचं, छोटं, आपण पेटीला लावतो तसलं. चावी त्यांच्या जानव्याला.

त्या दिवशी अण्णा घरी आले ते सरळ खाटेवर पडले. आई म्हणाली, जेवून घ्या. अण्णा म्हणाले, भूक नाही. बारा वर्षं ते ती जीप चालवत होते. कुलूप चालत्या जीपला आहे, म्हणजे जिथे जिथे रोपं पोचवायची तिथे तिथे लोकांनी ते बघायचं. इंदापूरच्या पंपावरचा माणूस म्हणाला होता, "दत्तोबा, काय झालं? आता मालकच येनार का संगं?" त्यावर चार लोक हसले होते. आठवड्याने बापूसाहेब म्हणाले, "या महिन्याअखेर बघू. नाहीतर जीपची चावी ठेवून जा."

कुलूप लावूनही अ‍ॅव्हरेज नऊच. म्हणजे तर गावाला खात्रीच झाली, की दत्तोबाकडे दुसरी चावी आहे.

मी माझ्या परीने विचार केला. पुस्तकं काढली. डिझेलची घनता, थंडीत होणारं आकुंचन, असं काहीतरी एका कागदावर मांडलं आणि तात्यांकडे घेऊन गेले. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग विचारलं, "ह्यात दत्तोबा कुठं हाय?"

"अण्णा यात कशाला असतील?"

"मग कागद ठिव. आधी दत्तोबा सुटला पायजे. गाडी कुठं पळून जात न्हाय."

ते सायकल काढून रोपवाटिकेत गेले. मी मागोमाग गेले, कारण अण्णा यायला तयार नव्हते आणि घरात बसवत नव्हतं. बापूसाहेब खुर्चीवर बसून रोपांच्या पिशव्या मोजत होते.

"बापूसायब, तुमची गाडी बिघाडलीय," तात्या म्हणाले.

"गाडी बरी आहे, तात्या. दसऱ्याआधीच सर्व्हिसिंग केलंय."

"मग मानूस बिघाडलाय म्हंता?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

"तुमी न्हाय. कुलूप म्हंतंय."

बापूसाहेबांचं पिशव्या मोजणं थांबलं. तात्यांनी त्यांच्यासमोर एक साधी गोष्ट ठेवली. उद्या सकाळी गावाजवळच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. जीप स्वतः बापूसाहेबांनी चालवायची. दत्तोबाने घरी बसायचं. इंदापूरपर्यंत जायचं, मध्ये कुठेही न थांबता परत यायचं, आणि त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. तात्या शेजारी बसणार.

"आणि अ‍ॅव्हरेज तेरा आलं तर?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तर दत्तोबाकडची जीपची चावी मी सोता आणून दीन."

तात्यांनी आमच्या वतीने हे कबूल करायला नको होतं असं मला वाटलं. घरी येऊन मी अण्णांना सांगितलंच नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, "दिवाळी पाडव्याला गाडीची अजून एकदा पूजा करते." तेव्हा मला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. पंपावर तात्यांनी टाकी भरल्यावर जीप मागून धरून गदागदा हलवली. आत हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर यावेत म्हणून. मग पुन्हा भरली, पुन्हा हलवली. पंपावरचा माणूस म्हणाला, "तात्या, पोतं भरताय का टाकी?" तात्या म्हणाले, "पोतंच हाय. आपटल्याशिवाय भरत न्हाय."

दुपारी जीप परत आली. बापूसाहेबांनी सरळ आमच्या दारात आणून उभी केली आणि उतरून खाटेवर बसले. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. आई दाराआड.

"नऊ," बापूसाहेब म्हणाले. "नऊला थोडं कमीच."

तात्या सावकाश खाली उतरले, चारी चाकांना उलटा हात लावून आले, मग बापूसाहेबांसमोर येऊन उभे राहिले.

"बापूसायब," ते म्हणाले, "डिझेल कुठं इकलं?"

बापूसाहेबांनी वर बघितलं. आधी चेहरा कडक झाला, मग त्यांनाच हसू यायला लागलं, आणि ते आवरता आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. ते त्या कुलपाकडे बघत होते. तात्यांनी ते पाहिलं.

"उघडा आता बॉनेट," बापूसाहेब म्हणाले.

"आधी कुलूप काढा," तात्या म्हणाले. "मग बॉनेट."

बापूसाहेबांनी जानव्याची चावी सोडली, वाकून कुलूप काढलं. ते कुठे ठेवावं त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते अण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दत्ता, हे विहिरीत टाक." अण्णा म्हणाले, "चांगलं हाय मालक, कशाला टाकायचं. रोपांच्या खोलीला लावू." त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

मग तात्यांनी सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोट काळंभोर झालं होतं.

"कालेज, ह्याला काय म्हंत्यात?"

"कार्बन. ज्वलन पूर्ण झालं नाही की..."

"मराठीत सांग."

"काजळी."

"कंदिलाची काच कवा काजळती?"

"हवा कमी पडली की."

"मग तुज्या कागदावर हवा का न्हवती?"

मी घनता मांडली होती, थंडी मांडली होती. हवा मांडली नव्हती.

तात्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन जिथून हवा आत ओढून घेतं तिथे एक वाकडी नळी असते. तिच्या तोंडातून त्यांनी दोन बोटं आत घातली, मग मनगटापर्यंत हात घातला. थोडा वेळ काहीतरी चाचपत राहिले. हात बाहेर आला तेव्हा मुठीतून हिरव्या कापडाचं टोक बाहेर लोंबत होतं. त्याला तांबडा काठ होता. मुठीतून दोन-तीन तांदळाचे दाणे खाली पडले. दाणे हळदीने पिवळे होते.

मी दाराकडे बघितलं. आईने तोंडाला पदर लावला होता. तात्यांनीही त्याच वेळी दाराकडे बघितलं. त्यांनी मूठ मिटली, कापड पायजम्याच्या खिशात घातलं आणि एक पाय पुढे सरकवून तांदूळ धोतऱ्याच्या पानाखाली ढकलले.

"काय निघालं?" बापूसाहेबांनी खाटेवरून विचारलं.

"कापड. हवा कोंडली हुती."

"कुणाचं कापड?"

"त्याच्यावर नाव न्हाय," तात्या म्हणाले आणि आईकडे वळले. "कमल, च्या ठिव सगळ्यांना."

त्या दिवसानंतर जीप पुन्हा तेरा देऊ लागली.

झालं होतं असं, की दसऱ्याला सगळ्या गावात गाड्यांची पूजा होते, तशी आईने आमच्या दारात लावलेल्या जीपचीही केली. तात्यांच्या घरी ती पद्धत नाही. ते त्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जातात, आणि जाण्याआधी सायकलीला तेल घालतात, तीच तिची पूजा. ते घरी नव्हते. आईच्या मनात आलं, बारा वर्षं ही लक्ष्मी आपलं घर चालवतेय, हिची ओटी भरावी. खण, तांदूळ, सुपारी सगळं घेऊन तिने बॉनेट उघडलं. वर ठेवलं तर वाऱ्याने उडेल. बघते तर एका बाजूला कोनाड्यासारखी छान जागा. तिने खण तिथे आत सारला. अण्णांना सांगितलं नाही, ते हसतील म्हणून.

संध्याकाळी बापूसाहेब गेल्यावर ती तात्यांच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तात्या कापड धूत होते.

"नजर लागू नये म्हणून भरली हुती, तात्या," ती म्हणाली. "आन् मीच त्यांच्यावर आळ आणला."

"आळ दुसऱ्यांनी आणला. तू खण आणलास." त्यांनी खण पिळून झटकला. मध्यभागी एक गोल काळा डाग पडला होता, तो काही गेला नाही. "भर की ओटी. कोन नको म्हंतंय? शिटावर ठिव, काचंफुडं ठिव. फकस्त जिथनं ती श्वास घेती तिथं नको. तुज्या नाकात कुनी नारळ घातला तर?"

आईला हसू आलं आणि रडूही आलं. अण्णांना तिने त्या रात्री सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "सुपारी कुठं गेली मग?" सुपारीचा शोध अजून लागलेला नाही. तात्यांच्या मते ती कधीतरी लोणी भापकरच्या रस्त्यावर पडली असणार.

तो खण आई परत घेईना, आणि तात्या टाकून देईनात. शेवटी आईने डाग आतल्या बाजूला घेऊन त्याची चष्म्याची पिशवी शिवली आणि तात्यांना दिली. पूजा न करणाऱ्या माणसाच्या खिशात तेव्हापासून ओटीचा खण असे. कुणी विचारलं तर म्हणत, "गाडीनं दिलाय."

हिवाळ्यात तात्यांचे डोळे अधू झाले. त्यांची मुलगी नाशिकला असते, ती न्यायला आली. एप्रिलमध्ये निघायच्या दिवशी बापूसाहेबांनी मुद्दाम जीप पाठवली आणि स्वतःही आले. तात्या जीपला वळसा घालून चाकांना उलटा हात लावू लागले.

"तात्या, गाडी आत्ता तर आणली रोपवाटिकेतनं. गारच आसनार," अण्णा म्हणाले.

"आसंल. बघितल्यालं बरं."

मग त्यांनी चष्मा घालायला पिशवी काढली. बापूसाहेब तिच्याकडे बघत राहिले. हिरवं कापड, तांबडा काठ.

"तात्या," ते म्हणाले, "हे कापड ओळखीचं वाटतंय."

"व्हय," तात्या म्हणाले. "पन त्याच्यावर आजून नाव न्हाय."

बापूसाहेबांनी आईकडे बघितलं. आईने जमिनीकडे बघितलं. बापूसाहेब म्हणाले, "चला, उशीर होईल," आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढची जागा त्यांनी तात्यांना दिली होती.

बारामतीला नाशिकची बस लागलेली होती. मुलीने सामान चढवलं, जागा धरली, खिडकीतून हाक मारली. तात्या चढले नाहीत. ते बसच्या कडेकडेने चाचपत मागून पुढे आले. प्रत्येक चाकापाशी थांबत. पुढच्या डाव्या चाकापाशी थोडे जास्त थांबले.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चढा. टायम झाला."

तात्या ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले आणि मान वर करून म्हणाले, "फुडचं डावं गरम लागतंय. डेपोत आत्ताच सांगून ठिवा. लिवून द्या. न्हायतर उद्या डिझेल जास्त लागलं की तुमच्यावर यील."

ड्रायव्हर माझ्या अण्णांच्या वयाचा असेल. त्याने आधी कंडक्टरकडे बघितलं, मग तात्यांकडे. मग दार उघडून खाली उतरला, बसला वळसा घालून डाव्या चाकापाशी आला, उकिडवा बसला आणि तळहात टेकवला.

"लागत नाही," तो म्हणाला.

तात्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हात उलटा केला.